मुन्शीजींचा खोकला

मी एकदा एका धडधाकट माणसाला क्षय लावला. मी काही वैदीण नव्हते. नुकती लग्न होऊन आलेली सून होते, आणि घरात बसल्या बसल्या नुसत्या कानांनी मी तो रोग ओळखला. ज्याला लावला तो माणूस पुढं म्हातारा झाला, नातवंडं खेळवली आणि मग गेला, तोही क्षयानं नव्हे. पण मधल्या काळात माझ्या हुशारीपायी त्याच्या लेकीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. ती लेक माझी मैत्रीण होती, हे आणखी वर.

माझं माहेर बेंबळीचं, सासर मुरुमचं. निजामाचं राज्य होतं, आणि पुढं जी वाईट वर्षं आली ती अजून यायची होती. आज मुरुमला कुणी शहर म्हटलं तर माझे पणतू हसतील. पण बेंबळीच्या शेतातून उठून आलेल्या मला ते शहरच वाटलं. कापडाची दुकानं, अडत, मठ, मशीद, आणि माणसं अशी की बोलताना आवाज वर जायचा नाही. तिथंच मला पहिला संशय आला. बेंबळीत ज्याला तूप हवं असेल तो बांधावरूनच ओरडायचा, "तूप हाय का गं घरात?" असलं तर न्यायचा, नसलं तर शिव्या घालत जायचा. मुरुमात शेजारीण कडी हळूच वाजवायची, "सहज आले" म्हणायची, ऊन फार आहे म्हणायची, अव्वांची गुडघेदुखी विचारायची आणि उठून जायची. ती गेली की अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, वाटीभर तूप काढून तिच्याकडं पाठवायच्या. मी सगळा वेळ दाराआड उभी. तिनं तूप मागितलं कधी? वाटी परत यायची तेव्हा तिच्यात मूठभर फुटाणे असायचे. हे फुटाणे कशाबद्दल? आपल्याकडून हिला आणखी काय काढायचंय? मी ते फुटाणे वास घेऊन मग खायची.

त्यात आमच्या घरात दोन भाषा. माझ्याशी मराठी, आपसात कानडी. सासू आणि नणंद कानडीत हसल्या की मी पदर चाचपून बघायची. 'उप्पु, उप्पु' असं सारखं कानावर यायचं. मी धरून चालले की मला ठेवलेलं नाव आहे. उप्पु म्हणजे मीठ, हे कळेपर्यंत माझं मनातल्या मनात त्या दोघींशी बरंच भांडून झालं होतं. अशी मी. आता आठवलं की वाटतं, त्या पोरीला धरून गदागदा हलवावं. पण ती पोरगी ऐकणाऱ्यातली नव्हती.

आमच्या भिंतीला भिंत लागून मुन्शीजींचं घर. ते करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मुन्शी होते. शेरवानी, लाल रुमी टोपी, हातात छडी. घरात त्यांची बायको, जिला सगळी गल्ली चाची म्हणायची, आणि माझ्याच वयाची एक लेक. कामावरून आले की मुन्शीजी आमच्या ओसरीवर मामंजींशी गप्पा मारायला बसायचे. मामंजींना त्यांच्यावाचून करमायचं नाही. चहा व्हायचा. मुन्शीजींची कपबशी आमच्या भांड्यांत नसायची. ती ओसरीच्या कोनाड्यात वेगळी असायची, आणि प्यायल्यावर ते स्वतःच विसळून पालथी ठेवायचे. असं का, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कारण नव्हतं. बेंबळीतही आमच्या घरी तशीच एक कपबशी होती. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे लोक, आमचं सोवळं आमच्याजवळ. हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढं लक्षात असू द्या.

तर मुन्शीजी खोकायचे. नव्या सुनेला ओट्यावर बसायची मुभा नव्हती, त्यामुळं दिसायचं काही नाही, आत चुलीपाशी नुसतं ऐकू यायचं. गल्लीच्या वळणावर एक खोकला. आडापाशी एक. आमच्या दारासमोर एक. जाताना तेच, येताना तेच. मग ओसरीवर येऊन बसले की खोकला बंद. ढास नाही, घशात खरखर नाही. शहाण्या बाईनं यावरूनच ओळखलं असतं. मी उलटं ओळखलं. म्हटलं, बघा, चारचौघांत दाबून धरतो बिचारा!

बेंबळीतही सासरा उंबऱ्यावर खाकरायचा, सुना पदर सावरायच्या. ती रीत मला माहीत होती. पण ती ज्याच्या त्याच्या घरापुरती. परक्या पुरुषानं परक्या बायकांसाठी भर रस्त्यात खाकरत जावं, इतका शहाणपणा माणसात असू शकतो, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आमच्याकडं गडी रस्त्यानं निघाला की त्याच्या आधी त्याचा बैल आणि त्याच्या शिव्या यायच्या. वेगळं खोकायची गरज काय?

आणि मग मला रुमाल दिसले. मागच्या अंगणात आमची आणि त्यांची भिंत एके ठिकाणी खचून कमरेएवढी झाली होती. तिथं चाची धुणं वाळत घालायची. मुन्शीजींचे पांढरे रुमाल, आणि प्रत्येकावर तांबूस डाग. धुऊनही न गेलेले. माझा एक चुलता क्षयानं गेला होता. त्याला शेतातल्या कोपीत ठेवलं होतं, आणि त्याचं फडकं मी लांबून पाहिलं होतं. ते तांबडं मी विसरले नव्हते. पान खाऊन माणूस तोंड रुमालाला पुसतो, पिंकसुद्धा गल्लीत टाकत नाही, हे मला कोण सांगणार? आमच्याकडं पान खाणाऱ्याला अख्खी भिंत मोकळी असायची.

त्या खचलेल्या भिंतीपाशीच मुन्शीजींच्या लेकीची आणि माझी मैत्री झाली होती. ती मराठी बोलायची, मध्येच त्यांची दखनी. मुरुमात माझ्याशी आडपडदा न ठेवता बोलणारी ती एकटी. मला म्हणायची, "तुझी नजर चोराला पकडल्यासारखी असते गं. मी चोर न्हाय, भिऊ नको." तिनंच एकदा मला सांगितलं की उमरग्याची सोयरीक आली आहे, मुलगा शाळेत शिकवतो, मुलाची फूफी, म्हणजे आत्या, बघायला येणार आहे. आधी एक ठिकाण हातचं गेलेलं, त्यामुळं चाचीनं नवस बोलला होता. "ही झाली तर झाली," ती म्हणाली, "न्हायतर अब्बांच्या भावाकडं एक बिजवर हाय, माझ्या दुप्पट वयाचा. त्याला हो म्हणून टाकनार." आणि हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

रुमाल पाहिल्यापासून मी तिच्याशी लांबून बोलू लागले. तिनं वाटलेली मेंदी पानावर घालून भिंतीवर ठेवली, ती मी घेतली आणि मोरीत टाकली. दुसऱ्या दिवशी तिनं माझे कोरे हात पाहिले.

"लावली न्हाय?"

"अव्वा नको म्हनल्या."

शहरात येऊन मी पहिली सभ्यता शिकले ती ही. तोंड गोड ठेवून खोटं बोलायचं, आणि पाप सासूच्या नावावर मांडायचं.

मग तो दिवस आला. मुन्शीजींच्या घरी सकाळपासून तळणीचा वास, अंगण दोनदा झाडलेलं. आमच्याकडं मी एकटीच. अव्वा आणि नणंद मठात, मामंजी आणि आमचे घरधनी अडतीवर. दारात पडदा लावलेला छकडा थांबला. बुरख्यातली एक वयस्क बाई उतरली, सरळ आमच्या दारात आली आणि नकाब वर टाकून म्हणाली, "माँ, जरा पानी पिलाते?"

शेजारच्या घरी सरबत तयार असताना हिला आमचं पाणी कशाला? इथं माझा संशय अगदी बरोबर होता. सोयरीक जुळवायची तर शेजाऱ्याला विचारायचं, तेही जातीबाहेरच्या, कारण त्याला नात्याची भीड नसते. तिकडच्या सगळ्याच लोकांची ती पद्धत. मी पाणी आणलं, कोनाड्यातला तो कप उचलला, आणि हात थांबला. कप परत ठेवला आणि म्हटलं, "ओंजळ धरा."

ती ओंजळीनं प्याली. तोंड पुसलं. मग कोनाड्याकडं बघत म्हणाली, "प्याला क्यों रख दिए माँ?"

"तो मुन्शीजींचा हाय."

"तो?"

मी तांब्या खाली ठेवला.  मग ती ओसरीच्या कडेला टेकली आणि इतक्या सरळ आवाजात बोलली की मला बेंबळीच आठवली. "देखो माँ, मैं बी लडकियां ब्याही हूँ. लोगां कैसे हैं, सच बोलो. मैं किसी को नै बोलती."

मुरुमात आल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझं मत असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मी फुगले. माणसं चांगली आहेत म्हटलं, पोरगी तर सोन्यासारखी. आणि मग, आवाज खाली आणून, खोकला सांगितला. वळणावरचा, आडापाशीचा, दारातला. रुमाल सांगितले. ती कोनाड्याकडं बघतच होती.

"और ये प्याला... इसके वास्ते अलग रखे?"

आता इथं मला थांबायचं आहे. खोकल्याचं मला कळलं नव्हतं, रुमालांचं कळलं नव्हतं, तो मूर्खपणा. पण कपाचं मला कळत होतं. "न्हाय, ते आमचं सोवळं" एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर माझी गोष्ट लुळी पडली असती. म्हणून मी खाली बघितलं आणि मान हलवली. होकाराची.

फूफी उठली, नकाब खाली घेतला, छकड्यात बसली. छकडा मुन्शीजींच्या दारापर्यंत गेलाच नाही. आमच्याच दारासमोर वळला.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हाक आली. मुन्शीजींची लेक नवी ओढणी घेऊन उभी होती, डोळ्यांत सुरमा. "गाडी आली व्हती का गं? मला घुंगरं ऐकू आली."

"न्हाय बाई," मी म्हटलं. "मला तर काही ऐकू आलं न्हाय."

तळलेलं सगळं संध्याकाळी गल्लीत वाटलं गेलं. आमच्या दारात कोरा शिधा आला, शेवया आणि साखर, कारण त्यांच्या घरचं शिजलेलं आम्ही खात नाही हे चाची कधी विसरायची नाही. आमचं सोवळं मोडू नये म्हणून ती बाई इतकी जपायची, आणि मी.

दोन-चार दिवसांत उमरग्याहून निरोप आला. घरात क्षयाचं दुखणं आहे असं कळलं, तेव्हा माफ करा. चाची आमच्या माजघरात बसून रडली. "किसने बोल्या होंगा भाबी? किसकी जबान जल गई?" अव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग दोघींनी एकेक घर मोजायला घेतलं. कासारणीचा तोंडाळपणा निघाला. समोरच्या सोनारणीचं जुनं भांडण निघालं. मी चहा उकळत होते आणि, देवा शपथ, मध्येच म्हणाले, "सोनारीन त्या दिवशी दारातच उभी व्हती." सोनारीण खरंच उभी होती. ती रोजच उभी असायची.

त्यानंतर गल्लीत कुणी कुणाकडं सहज जाईना. वाट्या गेल्या तशाच रिकाम्या परत येऊ लागल्या. कासारीण बांगड्या भरताना बोलेना. माझ्या एकटीचा संशय होता तो आता गल्लीभर झाला, आणि मला पहिल्यांदा तिथं जरा घरच्यासारखं वाटलं. काय म्हणावं या पोरीला!

मुन्शीजी ओसरीवर यायचे बंद झाले. मामंजी एकटेच चहा पीत बसायचे. आणि आणखी एक झालं. खोकला थांबला.

मी मनात म्हटलं, औषध लागू पडलं वाटतं. तेवढ्यात अव्वा ओट्यावरून धडपडत आत आल्या. न्हाऊन केस सोडून त्या ओट्यावर जोंधळे निवडत बसल्या होत्या. डोक्यावर पदर नाही, केस मोकळे, चेहरा लाल.

"काय झालं या मुन्शीजीला!" त्या पदर ओढत म्हणाल्या. "न खोकता अंगावर आल्यासारखा समोर आला. मी अशी बसलेली! तोच बिचारा भिंतीला तोंड करून उभा राहिला. मी लग्न होऊन आले तवापासून हा मानूस वळनावर खोकतो, की बायानो, मी आलो, सावरा. सगळ्या गल्लीला त्याच्या खोकल्याचा आधार. आता लोक क्षय झाला म्हनतात म्हनून तो खोकतबी न्हाय."

माझ्या हातातली पळी खाली पडली नाही. गोष्टींमध्ये पडते. माझ्या हातात घट्ट राहिली. मी विचारलं, "आन रुमाल?"

"कसले रुमाल?"

"तांबडे डाग..."

"पानाचे गं! दुसरे कसले? लोकाच्या दारात थुंकत न्हाय तो." आणि अव्वा थांबल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मराठी असो की कानडी, त्या नजरेला भाषा लागत नव्हती.

मी सगळं सांगितलं. कपाचंही. अव्वांनी हात उगारला नाही, ओरडल्या नाहीत. बराच वेळ कानडीत काही पुटपुटल्या. ते मात्र माझ्याबद्दलच होतं, याची मला आजही खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी उमरग्याला मामंजींच्या बहिणीकडं जायचं असं सांगून अव्वांनी बैलगाडी जुंपवली आणि मलाही बसवलं. निघताना कोनाड्यातला तो कप फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला. मला वाटलं, वाटेत फेकणार. पण वाटेत त्यांनी कप फेकला नाही. उमरग्यात गाडी थेट फूफीच्या दारात.

फूफीनं मला ओळखलं. अव्वांनी नीट सांगितलं, खोकला का, डाग कशाचे. फूफी ऐकत होती, पण चेहरा बंद. शेवटी म्हणाली, "भाबी, तुम पडोसी हैं. पडोसी के वास्ते बोलनाच पडता. मगर प्याला तो मैं अपनी आँखां से देखी."

मी म्हटलं, "प्याला आमच्या सोवळ्यापायी वेगळा हाय. मला ठाऊक व्हतं. म्या खोटं सांगितलं."

"आज सच बोलती या उस दिन बोली, मैं क्या जानूँ?"

तिचा संशय योग्यच होता. मी तिच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

तेव्हा अव्वांनी फडकं सोडलं. कप पुढं धरला आणि म्हणाल्या, "यात पानी घाला तुमच्या घरचं."

फूफी बघत राहिली. मग उठून माठातलं पाणी घातलं. माझ्या सासूबाई, ज्या अडतीवरून आलेल्या पैशांवरही पाणी शिंपडायच्या, त्यांनी डोळे मिटले, गळ्यातल्या लिंगावर एक हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं तो कप ओठाला लावून पाणी प्यायल्या. वरून ओतून नव्हे, ओठ लावून. शेवटच्या थेंबापर्यंत. मग कप फडक्यात गुंडाळला.

"क्षय असता," त्या म्हणाल्या, "तर मी, नातवाचं तोंड न बघितलेली बाई, हे केलं असतं का?"

 फूफीनं आतून सुपारी आणली, कोरी, आणि अव्वांच्या हातात दिली.

परतताना अव्वांनी एवढंच बजावलं की यातलं एक अक्षर मामंजींना कळता कामा नये, आणि भिंतीपलीकडच्या पोरीला मी स्वतः सांगायचं. "चाचीला न्हाय. ती शेजारधर्म म्हनून माफ करंल. पोरीला सांग." घरी आल्यावर त्या आंघोळ करतात का, याकडं माझं लक्ष होतं. केली. डोक्यावरून. कप कोनाड्यात परत गेला, आणि पुढं मुन्शीजी यायला लागले तेव्हा त्यांना चहा त्यातच मिळाला. हे मी गोड करून सांगणार नाही.

मुन्शीजींच्या लेकीला मी भिंतीपाशी उभं राहून सांगितलं. खोकला, रुमाल, कप, छकडा आला होता तेही. ती ऐकत होती.  मग तिनं वाळलेलं धुणं एकेक करून काढलं, घडी घातली, आणि आत गेली. त्यानंतर भिंतीपाशी आली नाही.

उमरग्याची सोयरीक पुन्हा जुळली. लग्न झालं. गल्लीभर गडबड होती, वाट्या पुन्हा भरून फिरत होत्या, आणि वळणावर एक दमदार खोकला ऐकू आला तशा ओट्यावरच्या साऱ्या बायका पदर सावरत हसल्या. मी आतच होते. तिनं मला बोलावलं नव्हतं.

पाठवणीच्या वेळी अव्वांनी माझ्या हातात नारळ दिला आणि पाठीत ढकललं. छकड्याला पडदा लागला होता, चाची रडत होती, मुन्शीजी बैलांपाशी उगीच काहीतरी नीट करत होते. मी पडद्यापाशी गेले. नारळ आत सरकवला.  आणि मुरुमात शिकलेलं तेच गोड बोलले, की तुझ्या सासरी कुणी विचारलं तर मी तुझं लई चांगलं सांगीन.

पडदा दोन बोटं सरकला. आत सुरमा घातलेला एक डोळा दिसला, रडून लाल झालेला. तो माझ्याकडं नीट बघत होता. मग ती म्हणाली:

"अब कोई मेरा पूछे ना, तो तू चुप बैठ. तारीफ बी नक्को कर."